साठीनंतर सायकलवर: जळगाव ते पाटणादेवी, तीन दिवस, एकटीने

खानदेशात कुणाला एखादी गोष्ट करायची नसली की तो ‘नाही’ म्हणत नाही, ‘पाहू’ म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ‘आता एकदा सायकलवर लांब जायचं’ असं मी भेटेल त्याला सांगत होते. पुढची चार वर्षं पाहू-पाहूतच गेली. ६२व्या वर्षी निघाले, ती पाचोऱ्यालाही न पोचता टेम्पोत सायकल टाकून परत आले. पुढच्या वर्षी मात्र चाळीसगाव झालं, तिथून जवळच्या डोंगरातलं पाटणादेवीचं देऊळ झालं. मग आणखी दोनदा जाऊन आले. आता ओळखीपाळखीतले विचारतात, सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. वय साठीच्या आसपास, सायकल साधी बिनगिअरची आणि सोबत कुणी नाही, असं धरून लिहिलं आहे.

आधी तारीख

सायकल नंतर, तारीख आधी. आपल्याकडे हंगाम एकच, दिवाळी झाल्यापासून होळीच्या आतला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याएवढीच हालचाल पुरे. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी गच्च बसते, की चाक फिरतच नाही, सायकल उचलून न्यावी लागते. मार्गशीर्ष-पौष सगळ्यात चांगला. थंडी असते, हवा कोरडी असते, शेतात भरताच्या पार्ट्या चालू असतात.

कॅलेंडरवर तारीख लिहा आणि तिच्यामागे बारा आठवडे मोजा. तिथून तयारी सुरू. म्हणजे निर्णय साधारण गणपतीत व्हायला हवा.

मग ही तारीख तीन माणसांना सांगा. तीस जणांना नको. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलीत तर अंगठे आणि हार-फुलं येतात, आणि जाऊन आल्यासारखंच वाटायला लागतं. मी सांगितली आमच्या यांना, शेजारच्या काकूंना आणि चौकातल्या सायकलवाल्या मिस्त्रींना. पहिले दोघं विसरले. मिस्त्री विसरले नाहीत. मी भाजी आणायला त्या रस्त्याने गेले की ते हातातला पाना न थांबवता विचारायचे, “बाई, किती आठवडे राहिले?” शेवटी मी भाजीवाला बदलायचा विचार करत होते. असा एक माणूस गाठून ठेवा.

डॉक्टर आणि घरचे

डॉक्टरांकडे जाताना ‘तब्येत ठीक आहे ना?’ असं मोघम विचारू नका. ‘रोज ५० किलोमीटर, सलग दोन दिवस, उन्हात, एकटीने’ असं सांगा, म्हणजे ते त्या हिशेबाने तपासतील. रक्तदाब, साखर, ईसीजी तर होईलच, त्यांना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्टही सांगतील. दोन गोष्टी मुद्दाम विचारा. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर उन्हातल्या श्रमात पाणी आणि क्षार जास्त जातात, त्या दिवसांपुरतं काय करायचं? आणि मधुमेहाच्या गोळीने किंवा इन्सुलिनने साखर एकदम उतरण्याची शक्यता आहे का? असेल तर खिशात, पिशवीच्या तळाशी नव्हे, साखर किंवा ग्लुकोज हवंच. हात थरथरायला लागल्यावर चेन उघडून शोधाशोध होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हेल्मेट घरी ठेवून निघायचं नाही, मग कुणी कितीही हसो.

घरच्यांचं मन वळवायला भाषण कामाला येत नाही. पुण्याच्या लेकाने “आई, हे वय आहे का?” म्हटलं तेव्हा मी वाद घातला नाही, एक कागद दिला. रोज कुठून कुठे, मुक्काम कुठे, लॉजचा नंबर, माझ्या गोळ्यांची नावं, आणि फोनच्या वेळा: सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. सहापर्यंत फोन नाही आला तर आधी लॉजला विचारायचं, मग ११२ ला. त्याच्या आत काळजी करायची नाही, आणि मधे उगाच फोनही करायचा नाही. कागद वाचून तो गप्प झाला. खुश झाला असं नाही म्हणत मी.

दुसरी बाजू कुणी बोलत नाही, म्हणून सांगते. तुम्ही जाणार म्हणजे घरी राहणाऱ्यालाही तीन दिवस स्वतःचं स्वतः करावं लागणार. आमच्या यांना चहापलीकडे काही येत नव्हतं. त्या बारा आठवड्यांत मी सायकल शिकले तसे ते कुकर शिकले. पहिल्या खिचडीला मीठ दोनदा पडलं. आता त्यांची फोडणीची खिचडी माझ्यापेक्षा बरी होते, हे मी इथेच कबूल करते, घरात नाही.

सायकल

नवी घ्यायची घाई नको. घरात पडलेली, भाच्याची, शेजाऱ्याची, कुठलीही चालेल, फ्रेम सरळ आणि रिम धड असली म्हणजे झालं. जळगाव-पाचोरा-चाळीसगाव हा सगळा पट्टा गिरणेच्या बाजूचा, सपाटच म्हणावा असा. गिअर हवेत ते तोरणमाळला, ११०० मीटरच्या वर चढायचं असेल तेव्हा. पहिल्या खेपेला तोरणमाळ डोक्यातूनही काढून टाका.

सीटची उंची मात्र अडाण्यासारखी ठेवू नका. आपल्याकडे बायका सीट खाली ठेवतात, पाय टेकायला बरे म्हणून, आणि महिनाभरात गुडघे धरतात. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पॅडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवलंत की गुडघा जेवढा वाकायला हवा तेवढाच वाकतो. सवय होईपर्यंत उतरताना पुढे सरकून उतरा.

जाड मऊ गादीचं सीट कव्हर पहिल्या १० किलोमीटरला स्वर्ग आणि ३० नंतर शिक्षा. थोडं कडक, रुंद सीट बरं. ओढणी नको, मागच्या चाकात जाते. मी ट्रॅक पँट आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घालते. उजव्या पायाला रबर लावते, नाहीतर कापड चेनमध्ये अडकतं.

पंक्चर

हा भाग नीट वाचा, कारण माझी पहिली खेप इथेच बुडाली.

सामनेरच्या अलीकडे मी बाभळीच्या सावलीत पाणी प्यायला थांबले आणि सायकल बांधाकडेला उभी केली. बाभळीचे काटे मी पाहिले होते. खाली सराटे होते ते पाहिले नाहीत. निघाले तर दोन्ही चाकं बसलेली. पिशवीत पंप होता, सोल्यूशन होतं, ठिगळं होती, दुकानदाराने दिलं ते सगळं होतं. वापरायचं कसं ते ठाऊक नव्हतं. कापूस वेचणाऱ्या बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, “एकलीच कथा चालनी वं माय?” म्हणजे एकटीच कुठे चाललीस गं बाई? तिच्या नातवाने, सातवी-आठवीतल्या पोराने, मागचं चाक करून दिलं. पुढचं करताना माझंच सोल्यूशन वाळलेलं निघालं. शेवटी केळी टाकून परतणाऱ्या टेम्पोने जळगाव गाठलं. ३५ वर्षं पोरांना ‘स्वतः करून पाहा’ सांगणारी बाई मी!

तेव्हा हे घरी, ओट्यावर बसून, निदान सहा वेळा करा. चांगल्या ट्यूबला मुद्दाम टाचणी टोचून करा.

चाक काढायची गरज नसते. आधी व्हॉल्व्ह सोडून हवा पूर्ण काढा. टायरची कड रिममधून उचलायला दोन टायर पाने लागतात. चमचा वापरू नका, ट्यूब फाटते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा, एक पाना अडकवून ठेवा, दुसरा वीतभर अंतरावर घाला, मग कड आपोआप सुटत जाते. ट्यूब बाहेर ओढा, हवा भरा आणि गालाजवळून फिरवा. पाण्याची बादली रस्त्यात कुठून आणणार? गालाला, ओठाला बारीकशी हवाही कळते. भोक सापडलं की पेनाने मोठी फुली मारा, हातभर दिसेल अशी, कारण घासताना मधला भाग पुसला जातो आणि मग भोक पुन्हा शोधत बसावं लागतं.

आता पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा खरखरीत करा. सोल्यूशनचा पातळ हात फिरवा आणि थांबा. सगळे इथेच चुकतात. ओल्यावरच ठिगळ चिकटवतात आणि ते सरकतं. चार-पाच मिनिटं, चमक जाईपर्यंत, थांबायचं. मग ठिगळ ठेवून अंगठ्याने मधून कडेकडे जोरात दाबायचं. वर थोडी खडूची भुकटी भुरभुरा, म्हणजे सांडलेलं सोल्यूशन टायरला चिकटत नाही. मास्तरकीचा एवढा एक फायदा.

ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवा, हळूच. काटा तिथेच असतो. तो न काढता ट्यूब घातली तर तीच मेहनत पुन्हा. मग ट्यूबमध्ये फुंकरभर हवा भरून ती बसवा आणि टायरची कड अंगठ्यांनी ढकलत आत घाला. शेवटची वीत घट्ट येते, तिथे पाना वापरायचा मोह होतो, आणि नवं भोक पडतं. दोन्ही हातांनी रेटा. माझे अंगठे संधिवाताने दुखतात, तरी होतं. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, म्हणजे दुकानातली वालट्यूब, उन्हाने चिरते. हवा जाते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. तिचा तुकडा जवळ ठेवा.

मिस्त्रींनी मला सहाव्या वेळी बावीस मिनिटांत पास केलं. दोन ब्रेक शू बदलणं, उतरलेली चेन चढवणं आणि चेनला तेल देणं त्याच आठवड्यात शिकून घ्या, ते यापुढे काहीच नाही.

बारा आठवडे

आठवड्यातून चार दिवस पुरतात. सुरुवात मेहरूण तलावाच्या फेरीने, मग असोदा, भादली, मग शिरसोलीच्या पुढे. दर आठवड्याला सगळ्यात लांबच्या फेरीत चार-पाच किलोमीटर वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा. निघण्याच्या दोन आठवडे आधी एकदा ४० झाले पाहिजेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा लागोपाठ दोन दिवस २५-२५ करा. पहिल्या दिवशी कुणीही जातं. दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना काय वाटतं, ते घरी असतानाच कळलेलं बरं.

वेग विचारू नका. बोलता येईल इतक्या दमात चालवायचं. एकटीने चालवताना मी पाढे म्हणते. एकोणतिसाचा पाढा अडखळला की वेग कमी.

सामान आणि खाणं

कॅरिअरवर दोन्ही बाजूंना लोंबणारी पिशवी, सगळं मिळून सहा-सात किलो. कपड्यांचा एक जादा जोड, शाल, गोळ्या दोन ठिकाणी वाटून, मूळ आधार कार्ड, बॅटरी, मागचा लाल दिवा, पंक्चरचं सामान, थोडी रोख. पावसाचं, उन्हाचं, ‘लागलं तर’चं, सगळं काढून टाका.

दोन बाटल्या पाणी, आणि तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन घोट. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात. अर्ध्या पेल्यात घट्ट करून पिऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

बायका रस्त्यात पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे? मीही आधी तेच केलं आणि घरी येऊन आठ दिवस लघवीच्या जळजळीची गोळी खाल्ली. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, शाळा हे आधीच कागदावर लिहून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘मीही बाई होते’ म्हटलं की किल्ली मिळते, वर चहाही.

खायला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. केळी घरून नेऊ नका, जिल्हा केळ्यांचा आहे. आणि कितीही आग्रह झाला तरी आदल्या रात्री शेवभाजी नको. तर्री दुसऱ्या दिवशी वावडद्याला आठवण करून देते.

तीन दिवस

पहिला दिवस जळगाव ते पाचोरा, साधारण ५० किलोमीटर. शिरसोली, वावडदे, सामनेर, नांद्रा. सूर्य वर आल्यावर निघा. पौषातल्या अंधारात, धुक्यात ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेले ट्रॅक्टर आणि वाळूचे डंपर हे या रस्त्याचे धनी आहेत असं समजा. मागून मोठं वाहन येतंय असं कानाला कळलं की खाली उतरून उभं राहण्यात काही कमीपणा नाही. कानात गाणी नकोत.

हा रस्ता नवख्यांसाठी मी निवडला त्याचं कारण रेल्वे. जळगाव, पाचोरा, कजगाव, चाळीसगाव, थोड्याफार अंतराने स्टेशन आहेच. तब्येत बिघडली तर सायकल कुणाच्या तरी अंगणात लावून गाडीने परत येता येतं. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, चक्कर, यातलं काही झालं तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ नाही. जिथे आहात तिथे बसा आणि १०८ लावा. यावर मी कुणाशी चर्चा करत नाही.

लॉजला सकाळीच फोन करून ठेवा, तळमजल्याची खोली मागा, म्हणजे सायकल आत घेता येते. एका ठिकाणी गल्ल्यावरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट करून विचारलं, “सोबत कोण?” म्हटलं, “सायकल.” त्याने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, बाईंना खालची खोली दे, गरम पाणी दे. असंही होतं, तसंही होतं. मुक्कामाला पाचच्या आत पोचा, म्हणजे दुसरं लॉज शोधायला उजेड उरतो.

दुसरा दिवस भडगावमार्गे चाळीसगाव. अंतर जवळपास तेवढंच, पण सीटवर बसताना ते दुप्पट वाटतं. पहिले पाच किलोमीटर स्वतःला शिव्या देण्यासाठी ठेवा, मग अंग मोकळं होतं. भडगाव गिरणेच्या काठी आहे, तिथे तासभर विसावा. जेवून लगेच निघू नका.

तिसऱ्या दिवशी सामान लॉजवर ठेवा आणि पाटणादेवी करून या, जाऊन-येऊन ३५-३६ किलोमीटर. समोर डोंगर सरकत जवळ येतो, रस्ता हलका चढतो. दम लागला तर हातात धरून चाला. पुढचा भाग गौताळा अभयारण्याचा, १९८६ साली जाहीर झालेला. तिथे एकटीने आडवाटेला शिरायचं नाही, आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागायचं. देवळापाशी माकडं असतात, भाकरीची पिशवी कॅरिअरवर ठेवून दर्शनाला गेलात तर ती तुमची राहत नाही.

चंडिकेच्या, म्हणजे पाटणादेवीच्याच, देवळात मी जरा जास्त वेळ बसते. गणिताची शिक्षिका, त्यामुळे. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५०चा, म्हणजे वय ३६. मुलांना आपण एवढंच सांगतो. पण ग्रहगणिताचं ‘करणकुतूहल’ ११८३चं आहे. वजाबाकी मी तिथे पायरीवर बसून केली आणि मग भाकरी सोडली.

परत येताना

सायकल चालवत परत यायचा हट्ट पहिल्या खेपेला नको. चाळीसगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ती सामान म्हणून बुक होते. तास-दीड तास आधी जा, बाटली, पंप, पिशव्या काढून घ्या, नाव आणि फोन लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल हँडलला आणि कॅरिअरला असं दोन ठिकाणी सुतळीने बांधा. कुठल्या गाडीत चढवतील ते तिथेच विचारा. तुमच्याच गाडीत येईल असं धरून चालू नका, माझी एकदा दुसऱ्या दिवशी आली.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत सायकल दाखवून आणा. मी नेली तेव्हा मिस्त्रींनी मागचं चाक उचलून एकदा फिरवलं, थांबवलं, आणि बोटाने दाखवलं. “बाई, एक तार तुटलीय. केव्हा तुटली?”

मला माहीत नव्हतं. आता रोज निघताना प्रत्येक तार बोटाने छेडून बघते. तुटलेली तार वेगळी वाजते. ती बदलायची कशी, ते शिकणं चालू आहे. रिम सरळ करणं काही अजून जमत नाही.